गीझर बाहेर की अलार्म आत?

थंडी पडली की नाशिक-पुण्याकडच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरल्यासारखी येते. अंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, हाका मारल्या, दार तोडलं, आत गॅस गीझर चालूच होता. बातमी वाचणारा ‘गॅस गळला असणार’ असं म्हणतो आणि स्वतःच्या घरची नळी तपासून येतो. बहुतेक वेळा गॅस गळलेला नसतोच. तो जळलेला असतो, पण अर्धवट. त्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळेही चुरचुरत नाहीत.

त्याच्यापासून घर कसं सांभाळायचं, यावर ही दोन माणसं भांडतात. दत्तामामा नाशकात उभा जन्म नळजोडणी आणि गीझर फिटिंगची कामं करत आले. त्यांची भाची रेणुका पुण्यात एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात डॉक्टर आहे. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यातला धोका आणि त्यावरचे उपाय मात्र खरे.

रेणुका: मामा, आधी माझं म्हणणं एका दमात सांगते. ज्या घरात गॅस, कोळसा, लाकूड, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही जळतं, त्या घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

दत्तामामा: हवा तर हवा. लावायचा कुठे?

रेणुका: झोपायच्या खोलीत किंवा तिच्या दाराशी, बनवणाऱ्यानं सांगितलेल्या उंचीवर. हा वायू जवळजवळ हवेइतकाच जड असतो. तो जमिनीवर बसत नाही, छतालाही साचत नाही, सगळ्या खोलीत मिसळतो.

दत्तामामा: आणि बाथरूममध्ये?

रेणुका: तिथे नाही. वाफेनं सेन्सर बिघडतो. बनवणारेच बाथरूममध्ये लावू नका म्हणतात.

दत्तामामा: मग झालं की! माणूस जिथे जिवाला मुकतो तिथे तुझी घंटा नाही, आणि जिथे घंटा आहे तिथे घरचे टीव्ही बघत बसलेत.

रेणुका: घाई करू नका. तुमचा उपाय काय?

दत्तामामा: गीझर बाथरूमच्या बाहेर. बाहेर म्हणजे दारालगतच्या पॅसेजमध्ये नाही, उघड्यावर. गरम पाण्याचा पाईप तेवढा आत यावा, जाळ आत येता कामा नये. त्याहून बरं म्हणजे विजेचा गीझर नाहीतर सोलर. हे मी माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय, लक्षात घे.

रेणुका: पण गिऱ्हाईक म्हणतं ना, बाथरूमला खिडकी आहे, तेवढी पुरे.

दत्तामामा: त्याला मी हिशेब करून दाखवतो. चार बाय सहाचं बाथरूम, उंची आठ फूट. म्हणजे १९२ घनफूट, साडेपाच घनमीटरच्या आसपास हवा. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गीझर पूर्ण जोरावर चालला तर तासाला जवळजवळ किलोभर एलपीजी जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांत दोन घनमीटर. थंडी म्हणून खिडकी बंद, दाराखाली फट नाही. दहा मिनिटांच्या अंघोळीत त्या खोलीतल्या एक तृतीयांशाहून जास्त हवेचा प्राणवायू एकट्या जाळाला लागतो. आतल्या माणसाचा श्वास वेगळाच.

रेणुका: आणि प्राणवायू कमी पडला की जाळच बिघडतो.

दत्तामामा: तिथेच तर खरी मेख आहे. कार्बनच्या एका अणूला ऑक्सिजनचे दोन अणू मिळायला हवेत, तिथे एकच मिळायला लागतो. जाळ पिवळा पडतो, काजळी धरायला लागते. ती काजळी कॉइलच्या पात्यांत बसली की जळलेला वायू वर जायची वाट अडते आणि जाळ आणखी बिघडतो. अंघोळ दुप्पट लांबली म्हणून धोका दुपटीवर थांबत नाही. शिवाय अंघोळ करताना बर्नरकडे बघतो कोण? साबण डोळ्यांत असतो.

रेणुका: ‘काही असतं तर वास आला असता’ हे मी रोज ऐकते.

दत्तामामा: वास सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घातलेला असतो, मरकॅप्टनचा, गळती कळावी म्हणून. गॅस जळला की त्याच्याबरोबर तोही जळतो. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. दुसरा घोळ गॅस लीक डिटेक्टरचा. गिऱ्हाईक कौतुकानं दाखवतं, ‘हे बघा, आम्ही लावलाय.’ तो न जळलेला गॅस ओळखतो. एलपीजी हवेहून जड, म्हणून तो डबा फरशीजवळ बसवतात. कार्बन मोनॉक्साइड त्याच्या समोरून गेला तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

रेणुका: ते दुकानदारही सांगत नाहीत. डब्यावर ‘कार्बन मोनॉक्साइड’ असं लिहिलंय का ते बघूनच घ्यायला हवा.

दत्तामामा: तिसरं ऐक. ‘आमचा गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो.’ बऱ्याच गीझरना तशी सोय असते. पण आत्ताच्या हिशेबानं वीस मिनिटं म्हणजे चार घनमीटर हवा झाली. आणि नळ बंद करून परत सोडला की वीस मिनिटं पहिल्यापासून. सकाळी घरातली सगळी एकापाठोपाठ एक अंघोळ करतात. दार मध्ये उघडतं ते टॉवेल घ्यायला. पहिल्याला काही होत नाही, चौथ्याला होतं. मग लोक म्हणतात, त्यालाच कसं काय झालं?

रेणुका: तुमचा हिशेब मला मान्य आहे. पण तुम्ही जागेचं बोलता, मी माणसाचं बोलते. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसं. गाडी रिकामी दिसते, पण बसायला जागा नाही. हे क्लोद बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ सालीच दाखवलं होतं. आणि ऑक्सिजनची उपासमार सगळ्यात आधी जाणवते ती मेंदूला. म्हणजे धोका ओळखायचं काम ज्याच्याकडे, तोच आधी मंदावतो.

दत्तामामा: म्हणजे डोकं दुखतं, गरगरतं, पण माणूस उठून बाहेर जात नाही.

रेणुका: एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकाराचं काय झालं ठाऊक आहे? १९०२चा सप्टेंबर, पॅरिसमधलं राहतं घर, शेकोटीची चिमणी तुंबलेली. रात्री नवरा-बायको दोघांनाही बरं वाटेना. नोकरांना उठवायची गोष्ट निघाली, तेव्हा झोला म्हणाला, उगीच कशाला, अपचन असेल, सकाळपर्यंत बरं वाटेल. सकाळी तो जमिनीवर मेलेला सापडला. बायको पलंगावर होती, ती वाचली. ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्यात सरकार आणि लष्कर दोघांनाही अंगावर घेणारा माणूस. पण त्या रात्री आपल्याला होतंय ते काय, हे त्याला कळलं नाही.

दत्तामामा: मग माझंच खरं. चिमणी साफ हवी होती.

रेणुका: चिमणी तुंबलीय हे त्याला सांगणारं काहीतरी हवं होतं.

दत्तामामा: बरं, सांगणारा तुझा डबा सांगतो कधी? वायू आला की लगेच?

रेणुका: लगेच नाही. रक्तात किती साठेल यावर त्याची वेळ ठरवलेली असते. युरोपच्या मानकाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग असतील तर ६० ते ९० मिनिटांत, १०० असतील तर १० ते ४० मिनिटांत आणि ३०० असतील तर ३ मिनिटांच्या आत तो वाजायला हवा. अमेरिकेचं मानक आणखी सबुरीचं. ७० भागांना एक ते चार तास, ४०० भागांना ४ ते १५ मिनिटं.

दत्तामामा: पंधरा मिनिटं! तेवढ्यात माझ्या चार बाय सहात सगळा खेळ आटोपलेला असतो.

रेणुका: म्हणून बाथरूमपुरती मी हरले. गीझर बाथरूममध्ये ठेवून अलार्मवर भिस्त ठेवायची, हे चुकीचंच. पण घर म्हणजे बाथरूम नाही. शेगडीचं काय करायचं?

दत्तामामा: शेगडीचं काय? आमच्या लहानपणी घरात तांब्याचा बंब होता, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी होती, स्वयंपाक चुलीवर होता. सगळे जगलो की.

रेणुका: सगळे जगले का, ते आपल्याला ठाऊक नाही. आणि ते घर कसं होतं ते आठवा. बंब अंगणात, नाहीतर कौलारू न्हाणीत. भिंत आणि कौलं यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. दारांच्या फळ्यांतून उजेड दिसायचा. म्हणजे तुमची हवा त्या घराला बांधतानाच मिळालेली होती. आता तीच शेगडी स्लॅबच्या खोलीत येते, सरकत्या काचा लावलेल्या, पडदे ओढलेले.

दत्तामामा: हे पटण्यासारखं आहे.

रेणुका: सगळ्यात जास्त भीती मला बाळंतिणीच्या खोलीची वाटते. ‘वारा लागेल’ म्हणून दारं-खिडक्या लावून घेतात आणि खाटेखाली निखारे ठेवतात. शेक आणि धुरी. आईच्या आणि बाळाच्या भल्यासाठीच करतात, म्हणून कुणी बोलत नाही. गरोदरपणात तर धोका आणखी. पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि उतरायलाही वेळ लावतो.

दत्तामामा: पण निखारे धूर संपल्यावरच आत नेतात. आजी नेहमी सांगायची, आधी धगधगू द्या, धूर जाऊ द्या, मग आत न्या.

रेणुका: आणि तिथेच फसगत होते. धूर गेला म्हणजे वायू गेला असं नाही.

दत्तामामा: थांब, हे मला सांगू दे, जाळ माझ्या ओळखीचा आहे. पेटत्या कोळशावर छोट्या निळ्या ज्योती फिरताना पाहिल्यास? तो कार्बन मोनॉक्साइडच जळत असतो. कोळशाच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना पुन्हा मोनॉक्साइड होतो आणि वर हवा मिळाली की जळतो. निखाऱ्यावर राख चढली, ज्योती विझल्या की तोच न जळता खोलीत यायला लागतो. म्हणजे आपल्याला शेगडी शांत झाली असं वाटतं, तेव्हाच ती जास्त वाईट असते.

रेणुका: मग शेगडीपुरता निकाल लागला. झोपायच्या खोलीत निखारा नाही, थोडा वेळही नाही, खिडकी किलकिली ठेवूनही नाही. शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आहे. आणि यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही.

दत्तामामा: म्हणजे इथेही घंटा लागली नाही. दोन-शून्य.

रेणुका: मोजू नका, पुढे ऐका. जानेवारी २०२० मध्ये केरळचे पर्यटक नेपाळमध्ये दामनला गेले होते. कडाक्याची थंडी, हॉटेलची खोली, गॅसचा हीटर, दारं-खिडक्या बंद. त्या खोलीतली आठ माणसं गेली, त्यांत चार मुलं. आता तुमची हवेची व्यवस्था त्यांनी कुठून आणायची? हीटर त्यांचा नाही, खिडकी त्यांची नाही, आणि एका रात्रीपुरतं हॉटेलच्या भिंती कोण तपासतं? बॅटरीवरचा छोटा अलार्म बॅगेत मावतो.

दत्तामामा: परक्याच्या घरातली आग माझ्या हातात नाही, हे खरं.

रेणुका: फक्त परक्याच्याच घरातली नाही. शेजारच्या दुकानदारानं जिन्याखाली जनरेटर लावला तर? खाली बंद पार्किंगमध्ये कुणी गाडी सुरू ठेवून बसलं तर? वरच्या मजल्यावरच्या गीझरचा एक्झॉस्ट आपल्याच डक्टमध्ये सोडलेला असला तर? आपण काहीही न जाळता आपल्या घरात हा वायू येऊ शकतो.

दत्तामामा: डक्टचं मला विचार. पाईप तोंडाशी सोडून देतात, वर ना टोपी ना जाळी. मग कबुतरं घरटं करतात आणि एक्झॉस्ट तुंबतो.

रेणुका: इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात, गॅसची शेगडी सोडून जळणारं कुठलंही पक्कं बसवलेलं उपकरण ज्या राहत्या खोलीत असेल, तिथे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. आपली कितीतरी मुलं तिकडे भाड्यानंच राहतात.

दत्तामामा: आणि तिकडचे बॉयलर कसे असतात? मी पाहिलेत कंपनीच्या कागदांत. नव्या बॉयलरला एकात एक दोन पाईप असतात. एकातून जळण्यासाठी हवा बाहेरूनच आत येते, दुसऱ्यातून जळलेला वायू बाहेरच जातो. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंधच येत नाही. म्हणजे आधी त्यांनी माझं काम केलं, मग तुझी घंटा लावली.

रेणुका: बरोबर. पण लावली ना? आता माझा प्रश्न. तुम्ही बाहेर लावलेला गीझर बाहेरच राहतो का?

दत्तामामा: म्हणजे?

रेणुका: ड्राय बाल्कनीत तुम्ही गीझर लावता. पावसाचं पाणी येतं, कबुतरं येतात, धूळ येते. वर्षभरात घरमालक तिथे स्लायडिंग लावून घेतो, वर पत्रा टाकतो, वॉशिंग मशीन ठेवतो. गीझर जागचा हलला नाही, पण तो आता बंद खोलीत आला. आणि त्या खोलीचं दार उघडतं स्वयंपाकघरात.

दत्तामामा: (थोडं थांबून) होतं असं. बऱ्याच ठिकाणी होतं. आणि मग कुणीतरी सुचवतं, एक्झॉस्ट फॅन लावा. फॅन हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळं घट्ट बंद असेल तर तो फॅन गीझरच्याच पाईपातून जळलेला वायू उलटा ओढतो. माणसाला वाटतं सोय केली.

रेणुका: मग बघा. तुमची व्यवस्था उत्तम, पण ती बिघडते आणि बिघडताना आवाज करत नाही. गीझर बसवलेल्या दिवशी सगळं ठीक असतं. पुढच्या पाच हिवाळ्यांत काय होतं ते बघायला तुम्ही तिथे नसता. अलार्म असतो.

दत्तामामा: अलार्म पाच वर्षं टिकतो का?

रेणुका: बहुतेकांचं आयुष्य पाच ते दहा वर्षं असतं, तारीख मागे छापलेली असते. ती उलटली की डबा बदलायचा. टेस्टचं बटण दाबून आवाज आला म्हणजे सेन्सर धड आहे असं नाही, ते बटण भोंगा आणि बॅटरी तपासतं. आणि भारतीय मानक किंवा युरोप-अमेरिकेचं मानक छापलेलं नसेल तर तो घेऊच नये.

दत्तामामा: म्हणजे तुझ्या डब्यालाही माझ्या गीझरसारखीच देखभाल हवी.

रेणुका: हवी. म्हणून मी तुमच्या जागी अलार्म मागत नाही, तुमच्यावर लक्ष ठेवायला मागते.

दत्तामामा: हे तू चांगलं बोललीस. बरं, आता तुझ्या दवाखान्याचं सांग. एवढं सगळं करूनही झालंच तर?

रेणुका: तर आधी ते ओळखलं जायला हवं, आणि तिथेच घोडं अडतं. बाथरूममध्ये मुलगी पडलेली सापडते, कधी झटके आलेले असतात, अंगावरच लघवी झालेली असते. घरचे म्हणतात फीट आली. कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल. मग मिरगीच्या गोळ्या सुरू होतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांना हे इतक्यांदा दिसलंय की त्यांच्या नियतकालिकांत त्याला ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असं नावच पडलं. झटका फक्त अंघोळीच्या वेळीच येत असेल तर गोळी लिहिण्याआधी गीझर कुठे आहे ते विचारायला हवं.

दत्तामामा: करोनापासून घरोघरी बोटाला लावायचं ते यंत्र आहे. ते दाखवेल ना ऑक्सिजन कमी झाल्याचं?

रेणुका: नाही, आणि हे लोकांना ओरडून सांगायला हवं. साध्या पल्स ऑक्सिमीटरला ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन आणि मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. माणूस शुद्ध हरपत चाललेला असतो आणि बोटावर ९८ दिसतं. घरचे म्हणतात, ऑक्सिजन तर छान आहे. नक्की कळतं ते रक्ताच्या खास तपासणीत, कार्बॉक्सिहिमोग्लोबिन मोजून.

दत्तामामा: मग घरच्यांनी करायचं काय?

रेणुका: दार उघडा, नाहीतर तोडा. माणसाला उघड्या हवेत आणा. गीझरचं बटण वाटेत हाताला आलं तर बंद करा, पण त्यासाठी आत थांबू नका. वाचवायला गेलेलाच कोसळतो असं होतं. श्वास नसेल आणि सीपीआर देता येत असेल तर तो सुरू करा. १०८ला फोन करा. आणि रुग्णालयात पहिलं वाक्य ‘गीझर चालू होता’ हे असू द्या. तोंडात पाणी, लिंबू, काही घालू नका. उपचार म्हणजे घट्ट मास्कनं शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासाभरात, फार तर दीड तासात होतो. म्हणून ‘आता शुद्धीवर आली, घरी नेतो’ म्हणू नये. काही जणांना आठवड्या-दोन आठवड्यांनी विसराळूपणा, चालण्यातला तोल जाणं, स्वभाव बदलणं सुरू होतं.

दत्तामामा: आणि हळूहळू, रोज थोडं थोडं चढत असेल तर?

रेणुका: ते ओळखायला तीन प्रश्न पुरतात. घरातल्या एकाहून जास्त जणांचं डोकं दुखतंय का? बाहेर गेल्यावर बरं वाटतं आणि घरी आल्यावर पुन्हा दुखतं का? थंडीतच होतं का? तिन्हींना हो आलं तर पित्ताची गोळी घेऊ नका, घरात काय जळतंय ते शोधा.

दत्तामामा: आता एक अडचण सांगतो, जिला तुझ्याकडेही उत्तर नसेल. कॉलेजरोडला मुलं खोल्या घेऊन राहतात. गीझर मालकानं बाथरूममध्ये लावलेला. मुलांना तो हलवता येत नाही आणि मालक हलवत नाही. त्यांना मी काय सांगू, गीझर बाहेर काढा? आणि तू काय सांगणार, अलार्म घ्या? बाथरूममध्ये तो चालत नाही.

रेणुका: हे तुम्हीच सांगा.

दत्तामामा: मी त्यांना सांगतो, दार सताड उघडं ठेवून बादली भरा. भरून झाली की गीझर बंद करा, नुसता नळ नाही, गॅसचा कॉकसुद्धा. खिडकी उघडी करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग आत जा, कडी लावा आणि बादलीनं अंघोळ करा. शॉवर नाही. आणि आत जाताना खोलीतल्या कुणाला तरी सांगून जा.

रेणुका: यात पैसा लागत नाही.

दत्तामामा: पण शिस्त लागते. परीक्षेच्या दिवशी सकाळी, उशीर झालेला असताना, नाशिकच्या थंडीत. त्या दिवशी मुलगा दार लावून घेणार हे मला ठाऊक आहे. म्हणून हा उपाय मी मनापासून सांगत नाही. मनापासून मी मालकाला सांगतो, आणि मालक म्हणतो, ‘इतकी वर्षं काही झालं नाही.’

रेणुका: तिथे आपली दोघांचीही मात्रा चालत नाही. इंग्लंडातल्या मुलाला निदान अलार्मचा कायदा दाखवता येतो.

दत्तामामा: मी एक करू शकतो. बाथरूममध्ये गीझर लावायला मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक दुसऱ्या फिटरकडे जातं, तो लावून देतो. तरी नाही म्हणतो. आता तुझ्यामुळे बिलावर आणखी एक ओळ घालीन: ‘बाल्कनी बंद करायची असल्यास आधी गीझर काढावा.’

रेणुका: आणि मी केस पेपरवर घालते: ‘गीझर कुठे?’ झटके आलेल्या प्रत्येकासाठी.

दत्तामामा: आणि तुझा डबा? सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक मला विचारणारच, मामा, एकाच गोष्टीला पैसे आहेत, काय करू?

रेणुका: गीझर बाथरूममध्ये असेल तर आधी तो बाहेर. शेगडी असेल तर आधी ती बाहेर, त्याला पैसे लागत नाहीत. बंद पार्किंग असेल, जनरेटर असेल, डक्टमध्ये दुसऱ्याचा एक्झॉस्ट असेल, तर पहिला खर्च अलार्मचा. आणि पैसे दोन्हीला असतील तर दोन्ही.

दत्तामामा: क्रम मान्य. आणि तो वाजला तर?

रेणुका: सगळ्यांनी बाहेर पडायचं. बटण दाबून गप्प करायला थांबायचं नाही, कुठून येतंय ते शोधायला थांबायचं नाही. बाहेर गेल्यावर डोकी मोजायची, मग फोन.

दत्तामामा: आणि नाही वाजला तरी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, मला बोलवायचं. बर्नर, कॉइल, पाईप, सगळं बघून देतो.

रेणुका: फुकट?

दत्तामामा: भाचीकडे फुकट. सोसायटीला बिल लागेल.